शिल्पबागांचा निर्णय करणाऱ्यांना एका पाहुणीचे खुले पत्र

प्रति,
स्थानिक स्वराज्य संस्थांचे पदाधिकारी, बांधकाम परवानगी विभागांचे अधिकारी आणि वारसा जतन समित्यांचे सदस्य यांस,

विषय : एकट्या माणसाने हाताने घडवलेल्या शिल्पबागांची पाहणी व नोंद कर्ता हयात असतानाच करण्याबाबत.

सस्नेह नमस्कार.

नकाशात सहजासहजी न सापडणाऱ्या, कोणा एकाच माणसाने आपल्या अंगणात, शेताच्या बांधालगत किंवा पडीक जागेत स्वतःच्या हातांनी घडवलेल्या शिल्पबागा पाहत मी गेली बरीच वर्षे हिंडते आहे. या बागा कोणी ठरवून मागवलेल्या नसतात, त्यांचा आराखडा कोणी मंजूर केलेला नसतो आणि त्यांच्या बहुतेक कर्त्यांनी कलाशाळेचे तोंडही पाहिलेले नसते. कोणी टपाल वाटत असतो, कोणी जंगलात लाकूडतोड करत असतो, कोणी कागदाच्या गिरणीत पाळ्या भरत असतो. आणि उरलेल्या वेळात, वर्षानुवर्षे, सिमेंट, तार, फुटक्या बशा आणि बाटल्यांच्या काचा यांतून एक सबंध जग उभे करत असतो. मी कलासमीक्षक नाही, स्थापत्य अभियंताही नाही. मी पाहुणी आहे. परंतु एकाच बागेत अनेक वर्षांच्या अंतराने पुन्हा गेलेल्या पाहुणीला अशा काही गोष्टी दिसतात, ज्या आपल्या टेबलावर येणाऱ्या फायलीत दिसत नाहीत. त्या आपल्यापुढे ठेवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ज्या बागेमुळे हे लिहिणे भाग पडले, तिचे नावगाव मी मुद्दाम देत नाही, कारण तिच्या बाबतीत जे घडले ते इतरही अनेक बागांच्या बाबतीत घडते. डांबरी रस्ता संपल्यावर अर्धा तास पायी चालावे लागे. फाटकावर पाटी नव्हती. झाडीतून आधी दिसली ती एका बगळ्याची मान, माणसाच्या दुप्पट उंचीची, आणि मग त्याचे पसरलेले पंख. त्या पंखांत हिरव्या बाटल्यांची बुडे एकाशेजारी एक अशी बसवली होती, की सकाळचे ऊन मागून आले म्हणजे जमिनीवर हिरवे ठिपके पडत, आणि ऊन चढेल तसे ते ठिपके सरकत सरकत शेजारी बसलेल्या सिमेंटच्या कासवाच्या पाठीवर जात. हा योगायोग असावा असे मला वाटले होते. कर्त्याला विचारले, तेव्हा कळले की कासवाची जागा ठरवायला त्यांनी एक अख्खा हिवाळा घेतला होता.

ते तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. त्यांनी मला आपल्या कामाच्या पडवीत नेले आणि काचांचे डबे दाखवले. मला वाटले, रंगाप्रमाणे लावले असतील. ते लावले होते जाडीप्रमाणे. पातळ काच वळणावर बसते, जाड काच सपाटीवर बसते, रंग त्यानंतर बघायचा, असे ते म्हणाले. जुन्या चमच्याचा दांडा ठोकून केलेली एक बारीक थापी त्यांच्याजवळ होती. डोळ्यांचे आणि चोचीचे काम ते तिनेच करत. वाळू दोनदा चाळून घेत, गिलावा झाला की दहा दिवस त्यावर ओले गोणपाट पांघरून ठेवत आणि सकाळ-संध्याकाळ पाणी मारत. “सिमेंटला तहान लागू द्यायची नाही,” हे त्यांचे शब्द मी त्याच संध्याकाळी वहीत लिहून ठेवले. आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली, जिचे महत्त्व तेव्हा माझ्या लक्षात आले नाही. प्रत्येक मूर्तीच्या तळाशी, मागच्या बाजूला, करंगळी जाईल एवढे एक भोक ठेवलेले होते. आत शिरलेले पाणी बाहेर पडण्यासाठी ते होते.

सात वर्षांनी मी पुन्हा गेले. कर्ते जाऊन तीन वर्षे झाली होती आणि बाग एका स्थानिक कार्यालयाच्या ताब्यात आली होती. त्या कार्यालयाने बागेची हेळसांड केली असे मी म्हणणार नाही. उलट मनापासून काळजी घेतली होती, आणि मला सर्वांत जास्त त्रास झाला तो त्याचाच. सर्व मूर्तींना तैलरंगाचा चकचकीत हात दिला होता. वाटांच्या कडेला लोखंडी कठडे उभे केले होते. आणि मूर्तींच्या तळाची ती भोके, बांधकामातला दोष समजून, सिमेंटने बुजवून टाकली होती. बगळ्याच्या घोट्यापाशी केसासारखी एक चीर होती, तिच्यातून तांबूस ओघळ उतरला होता आणि बोट फिरवले तर गंजाचा चुरा हाताला लागत होता. पंखातली सात बुडे गळून पडली होती. कासवाच्या पाठीवर आता कठड्याच्या गजांची सावली पडत होती.

काय झाले, ते एका जाणत्या गवंड्याने मला नंतर समजावले, आणि ते आपल्या अभियंत्यांनाही ठाऊक असेलच. या मूर्तींच्या आत सळई आणि तारेची जाळी असते आणि तिच्यावर सिमेंटचा थर असतो, बहुतेक वेळा बोटभरसुद्धा नाही. ताज्या सिमेंटच्या क्षारधर्मामुळे लोखंड सुरक्षित राहते; हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपत गेला की ते संरक्षण संपते, आणि थर जितका पातळ तितके ते लवकर संपते. मग ओल पोहोचली की लोखंड गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा मागतो आणि आतून दाब देऊन वरचे सिमेंट फोडतो. अशा वेळी बाहेरून तैलरंगाने मूर्ती बंद केली आणि खालून वाट बुजवली, म्हणजे आत शिरलेले पाणी आतच कोंडते. जी मूर्ती कर्त्याच्या हयातीत २५ वर्षे पावसात उभी होती, ती दुरुस्तीनंतर तीन वर्षांत फुटू लागली, त्याचे कारण हे.

बागेपासून दोन शेते ओलांडून एक गृहस्थ राहतात. मूर्तिकारांच्या हाताखाली त्यांनी १४ वर्षे माल कालवला होता. कोणत्या मूर्तीत सळई आहे आणि कोणत्या मूर्तीत नुसती जाळी, वाळू कुठली, काच कशी कोरायची, भोके कशासाठी, हे सर्व त्यांना तोंडपाठ होते. दुरुस्तीच्या वेळी त्यांना कोणी बोलावले नव्हते, कारण ते आहेत हेच कोणाच्या कागदावर नव्हते.

माझे म्हणणे एवढ्याशा जागेत आहे. अशा बागेचे ज्ञान कर्त्याच्या हातात आणि त्याच्या एखाद्या मदतनिसाच्या डोक्यात असते, आणि शासनाचे लक्ष तिकडे जाते ते बहुधा कर्ता गेल्यावर, वारसांचा वाद सुरू झाल्यावर किंवा शेजाऱ्याची तक्रार आल्यावर. तोवर विचारायला कोणी उरलेले नसते.

दक्षिण आफ्रिकेतील न्यू-बेथेस्डा या लहानशा गावात हेलन मार्टिन्स यांनी आपले घर आणि अंगण सिमेंटची घुबडे, उंट आणि यात्रेकरू यांनी भरून टाकले आणि घराच्या भिंतींना दळलेल्या काचेचा थर दिला. ते ‘आऊल हाऊस’ म्हणून ओळखले जाते. अंगणातल्या पुष्कळशा मूर्ती प्रत्यक्षात कोस मालगास या त्यांच्या सहकाऱ्याने घडवल्या होत्या. १९७६ मध्ये हेलन गेल्या. पुढे जेव्हा त्या जागेच्या डागडुजीची वेळ आली, तेव्हा मालगास यांनाच परत आणले गेले. ज्या हातांनी घडवले त्याच हातांनी सांधले. तेथे कोणाला तरी ही गोष्ट सुचली, एवढाच त्या बागेत आणि माझ्या बगळ्याच्या बागेत फरक आहे.

उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, फिलिप्स या गावी, फ्रेड स्मिथ या लाकूडतोड्याने निवृत्तीच्या सुमारास काम हाती घेऊन माणसे, घोडे, हरणे असे २०० हून अधिक सिमेंटचे पुतळे उभे केले. त्यांच्या आत लाकडाचे सांगाडे होते. १९७६ मध्ये स्मिथ वारले आणि पुढच्याच वर्षीच्या उन्हाळी वादळात पुष्कळसे पुतळे कोसळले. सुदैवाने कोहलर फाउंडेशनने ती जागा घेऊन पुतळे पुन्हा उभे केले आणि ती काउंटीच्या स्वाधीन केली; आज ते सार्वजनिक उद्यान आहे. प्रत्येक बागेच्या पाठीशी असे प्रतिष्ठान उभे राहत नाही.

सुरक्षिततेचा मुद्दा आपण काढाल, आणि तो काढायलाच हवा. मुले ज्या मनोऱ्याखाली खेळतात तो मनोरा कलंडण्याची शक्यता असेल, तर कलेचे कारण देऊन कोणीही तिकडे डोळेझाक करू नये. माझी विनंती इतकीच आहे की पाडण्याची नोटीस देण्यापूर्वी बांधकामाची चाचणी व्हावी, नुसत्या नजरेच्या अंदाजावर निर्णय होऊ नये. लॉस एंजेलिसमधील वॉट्स टॉवर्सची हकीकत या बाबतीत वाचण्याजोगी आहे. सायमन रोडिया या इटालियन मजुराने १९२१ ते १९५४ अशी ३३ वर्षे एकट्याने ते मनोरे रचले. वेल्डिंग नाही, बोल्ट नाही, परांची नाही, कमरेला पट्टा बांधून वर चढायचे आणि सळयांभोवती तारेची जाळी गुंडाळून गिलावा करायचा, त्यात शिंपले, फरशा आणि बाटल्यांचे तुकडे रोवायचे. सर्वांत उंच मनोरा सुमारे ३० मीटरचा आहे. रोडिया ती जागा सोडून गेल्यावर महापालिकेने मनोरे धोकादायक ठरवून पाडण्याचा आदेश काढला. दोन तरुणांनी जागा विकत घेतली, बड गोल्डस्टोन या अभियंत्याने ताणचाचणीची योजना आखली आणि १० ऑक्टोबर १९५९ रोजी मनोऱ्याला १०,००० पौंडांचा आडवा ताण देण्यात आला. मनोरा जागचा हलला नाही. चाचणी थांबवावी लागली ती ताण देणाऱ्या यंत्रणेची तुळई वाकू लागल्यामुळे. १९९० मध्ये तेच मनोरे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाले. ती चाचणी झाली नसती, तर फायलीतला शेरा अखेरचा ठरला असता.

परवानगीचा प्रश्न याहून अवघड आहे, हे मला मान्य आहे. चंदीगडमध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक असलेल्या नेकचंद यांनी १९५७ पासून सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलात, कोणालाही न सांगता, रात्रीच्या वेळी आपली बाग रचायला घेतली. नव्या शहरासाठी पाडलेल्या गावांतून आलेली फुटकी भांडी, फरशा, विजेच्या उपकरणांचे चिनी मातीचे तुकडे आणि नदीतले दगड त्यांनी सायकलवरून वाहून आणले. ही जागा सत्तरच्या दशकाच्या मध्यात उघडकीस आली, तेव्हा नियमाप्रमाणे ती पाडता आली असती. त्याऐवजी १९७६ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली, नेकचंद यांना पगार आणि मदतीला ५० मजूर देण्यात आले आणि १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एखाद्या प्रशासनाने नियम आणि समोरचे काम यांचा एकत्र विचार केला, तर काय होऊ शकते याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. तरीही मान्यता मिळाली म्हणजे बाग कायमची वाचली, असे होत नाही. १९९० मध्ये याच बागेच्या रक्षणासाठी नागरिकांना बुलडोझरसमोर उभे राहावे लागले होते आणि २०२५ मध्ये रस्ता व वाहनतळासाठी तिच्या भिंतीचा एक भाग पाडला गेला. म्हणून नोंद एकदा करून कपाटात ठेवण्याची नसावी. प्रत्येक नव्या रस्त्याच्या आराखड्यासोबत ती बाहेर यावी.

फ्रान्समधील ओतरीव्ह येथील टपालवाले फर्दिनां शेवाल यांचा ‘आदर्श महाल’ आपणांपैकी अनेकांनी चित्रांत पाहिला असेल. १८७९ मध्ये वाटेत पायाला अडखळलेला एक विचित्र आकाराचा दगड त्यांनी उचलून घरी नेला आणि पुढची ३३ वर्षे, १९१२ पर्यंत, टपालाच्या फेरीत दगड हेरून, रात्री ढकलगाडीतून आणून त्यांनी २६ मीटर लांबीची ती वास्तू रचली. महालाच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच हिशेब कोरून ठेवला आहे: १०,००० दिवस, ९३,००० तास, ३३ वर्षे. खात्यातल्या लोकांचा विरोध असताना, तत्कालीन सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी १९६९ मध्ये त्या महालाला संरक्षित स्मारकाचा दर्जा दिला. शेवाल १९२४ मध्ये वारले होते. मधल्या ४५ वर्षांत तो महाल टिकला, कारण तो दगडांचा आणि भक्कम होता. सिमेंटचा पातळ थर आणि काच यांना इतकी सवलत मिळत नाही.

आता नेमके काय करावे, याबद्दल. आपल्या हद्दीत अशी बाग असल्याचे कळले, तर पहिली भेट निरीक्षकाने तक्रार तपासायला म्हणून देऊ नये. कर्त्याबरोबर पूर्ण दिवस काढण्यासाठी द्यावी. बरोबर कॅमेरा असावा आणि प्रत्येक मूर्तीचे चारही बाजूंनी, तळासकट, तारखेसह छायाचित्र घ्यावे. कर्त्याला बोलते करावे आणि ते बोलणे ध्वनिमुद्रित करावे: आत काय आहे, मालाचे प्रमाण काय, पाणी कुठून जाते, कोणती मूर्ती कोणाच्या शेजारी आणि का. मदतनिसांची नावे लिहून घ्यावीत. या कामाला फार तर दोन माणसांचे दोन दिवस लागतात. आणि एक प्रश्न अवश्य विचारावा, जो विचारायला सर्वांना संकोच वाटतो: तुमच्यामागे या बागेचे काय व्हावे, असे तुम्हाला वाटते? काही कर्त्यांना बाग टिकावी असे वाटते, काहींना ती गवतात विरून गेली तरी चालते. दुसऱ्या उत्तराचाही मान राखला जावा, असे माझे मत आहे. ज्याने रचले त्याने ‘पुरे’ म्हटले असेल, तर संपूर्ण नोंद ठेवून बागेला जाऊ देणे हाही जतनाचाच प्रकार आहे.

टिकवायचे ठरले, तर जागेवरच टिकवावे. दोन चांगल्या मूर्ती उचलून संग्रहालयाच्या दालनात नेणे सोपे वाटते, पण बगळ्याविना कासव आणि कासवाविना बगळा यांना काही अर्थ उरत नाही. फिनलंडमध्ये रशियाच्या सीमेजवळ पारिक्कला येथे वेइयो र्‍यॉन्क्यॉनेन या कागद गिरणीतील कामगाराने आपल्या घराभोवती सुमारे ५५० शिल्पे उभी केली. त्यांतली जवळपास निम्मी योगासने करणाऱ्या आकृतींची आहेत. बागेत प्रवेशाला पैसे नव्हते. आलेल्याने वहीत नोंद करावी, एवढीच अपेक्षा असे. आपल्या मूर्ती त्या बागेच्या आहेत, ही त्यांची भूमिका होती. २०१० मध्ये ते गेल्यावर एका उद्योजकाने सर्व जागा एकत्रच विकत घेतली, त्यामुळे आजही ती शिल्पे एकमेकांच्या सोबतीने झाडांमध्ये उभी आहेत.

पाहुण्यांच्या सोयींबद्दल थोडेच लिहिते. वाहनतळ दूर ठेवावा, रुंद फरशीची वाट करू नये, कठडा खरोखर धोक्याच्या जागीच असावा. मूर्तींवर चढणारे आणि काच काढून नेणारे लोक असतात, हे मी पाहिले आहे आणि त्यांची भीती मलाही वाटते. परंतु दारात बसून येणाऱ्याशी दोन शब्द बोलणारा एखादा माणूस त्यांना जितका आवरतो, तितका कठडा आवरत नाही. आणि ती नोंदवही बंद करू नये. अशा बागांमधून कोण कधी आले आणि त्यांनी काय पाहिले, याचा कित्येकदा तेवढाच लेखी पुरावा मागे राहतो.

माझ्या पहिल्या भेटीतली १४३ छायाचित्रे माझ्याजवळ आहेत. त्यांतल्या ११ छायाचित्रांत मूर्तींच्या तळाची भोके स्पष्ट दिसतात आणि एकात बगळ्याचा डावा पंख पूर्ण आहे, सातही बुडे जागेवर असलेला. या छायाचित्रांचा संच, माझ्या वहीतील नोंदींची प्रत आणि दोन शेते पलीकडे राहणाऱ्या त्या गृहस्थांचा, त्यांनीच संमती दिल्यामुळे, पत्ता मी संबंधित कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवला आहे. पावसाळ्यापूर्वी निदान ती भोके मोकळी करावीत, अशी विनंती त्या पत्रात केली आहे. त्या कामाला छिन्नी, हातोडी आणि एक दुपार पुरेशी आहे, आणि ते गृहस्थ यायला तयार आहेत.

आपली विश्वासू,
एक पाहुणी